पारपत्रावाचून बाल्कन

युरोपच्या आग्नेय कोपऱ्यातील बाल्कन प्रदेशाचा नकाशा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ठाऊकच आहे की आजीच्या गोधडीला नसतील इतके तुकडे तेथे शेजारीशेजारी शिवलेले आहेत. त्यांतला माँटेनेग्रो हा देश तर २००६ साली स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ अवघे १३,८१२ चौरस किलोमीटर. आपले कोल्हापूर आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र मांडले तर ते त्याहून मोठे भरतात! लोकसंख्या सहा लाखांच्या थोडी वर. भाड्याची मोटार घ्यावी आणि आठ दिवसांत डोंगर, समुद्र, तटबंदीची जुनी गावे असा सारा देश पालथा घालावा. पुण्यास असलेले आमचे चिरंजीव आणि सूनबाई यांनी येत्या हिवाळ्यात हाच बेत ठरवला होता. गणपतीत घरी आल्यावर त्यांनी तो मोठ्या उत्साहाने आम्हांला ऐकवला. माँटेनेग्रोच्या आसपास आणखी दोनतीन देश आहेत, जमल्यास तेही पाहू, पाचसहा सरहद्दी ओलांडू, असे चालले होते.

आमची आई शेजारी वाती वळत बसली होती. वय शहाऐंशी, कान शाबूत. ती म्हणाली, "सहा राजांचे मुलूख बघायचे, एवढंच ना? मग विमान कशाला रे? आत्याच्या लग्नाला मी रामदुर्गाहून इथं आले, तेव्हा आठ वर्षांची होते. वाटेत सहा अंमल लागले होते."

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही, कारण तंबाखूच्या व्यापारानिमित्त त्या रस्त्यांवर माझी पंचवीस वर्षे गेली आहेत, आणि आईचा हिशेब चोख होता. १९४७ साली जयसिंगपूर होते कोल्हापूर संस्थानात. पुढे मिरजेला पटवर्धनांचे राज्य. त्यापुढे अथणीकडे इंग्रजी मुलूख. मग जमखंडी, पुन्हा पटवर्धन, पण निराळे. मग मुधोळ, ते घोरपड्यांचे. आणि शेवटी रामदुर्ग, ते भाव्यांचे. दोनशे किलोमीटरच्या आतबाहेरच्या वाटेवर सहा अंमल! रामदुर्ग संस्थान होते १६९ चौरस मैलांचे. सकाळी न्याहारी करून घोड्यावर बसलेला संस्थानिक दुपारच्या जेवणापर्यंत आपले राज्य तपासून परत येत असेल.

बरे, ही राज्ये सलगही नव्हती. सांगली संस्थानाचेच पाहा ना. मिरज प्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी असे त्याचे सहा तालुके सहा दिशांना पसरलेले होते. त्यांतले मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात आहे, तेरदाळ बागलकोट जिल्ह्यात, शहापूर म्हणजे चक्क बेळगावची एक पेठ, आणि शिरहट्टी पार गदग जिल्ह्यात. आमच्या कोल्हापूरचाही एक तुकडा रायबागेस होता आणि दुसरा रामदुर्गाजवळ तोरगल येथे. बाल्कनच्या नकाशाचे कौतुक आपण कशाला करावे?

फरक एवढाच, की तेथील सरहद्दी अजून उभ्या आहेत, आणि आपल्याकडच्या एका फटक्यात पुसल्या गेल्या. दक्षिणेतील ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर तेवढे वर्षभर मागे राहिले. ते १ मार्च १९४९ रोजी आले. तोफ नाही, बंदूक नाही. आई सांगते, आदल्या दिवशी शाळेत महाराजांचा फोटो होता आणि नंतरही बरेच दिवस तो तेथेच होता. कोणी काढायला सांगितले नाही म्हणून. पण त्यानंतर आठ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भाषेच्या आधारावर नवी रेघ ओढली गेली. जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग म्हैसूर राज्यात गेले, म्हणजे आजच्या कर्नाटकात. आईचे लग्न होऊन ती जयसिंगपुरास आली ती या रेघेनंतर. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्यात. सहा राजांच्या सरहद्दी तिला कधी जाणवल्या नाहीत, म्हणते; ही एकच जाणवली.

हे सारे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे, की गणपतीनंतर दहाबारा दिवसांनीच रामदुर्गाहून मामेभावाचा फोन आला. २०१९च्या ऑगस्टात मलप्रभेला जो महापूर आला, त्यात आमच्या आजोळच्या घराच्या मातीच्या भिंती पाण्यात राहिल्या होत्या. तेव्हापासून घर खचतच आले आहे. आता संक्रांतीनंतर ते उतरवून तेथे सिमेंटचे बांधायचे ठरले. "आत्याला एकदा आणा," तो म्हणाला, "मग बघायला काही उरणार नाही." आईने फोन ठेवला आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या. ती काही बोलली नाही. रात्री चिरंजीवांनीच माँटेनेग्रोचा विषय काढला आणि म्हणाले, "तो देश कुठे पळून जात नाही, बाबा. रजा एकच आहे. रामदुर्गचा रस्ता आखा."

तेव्हा आम्ही रस्ता आखला. तोच येथे देत आहे, कारण ज्यांच्या घरी असे एखादे माहेर पलीकडे राहिले आहे, अशी कुटुंबे सांगली-कोल्हापूरकडे घरोघर सापडतील. आणि ज्यांचे कोणीच तिकडे नाही, त्यांनाही हा मुलूख पाहण्यासारखा आहे. बदामी-पट्टदकलला सगळेच जातात, जावेच. पण तेथे जाताना जी गावे मोटारीच्या काचेतून मागे पडतात, त्यांची ही गोष्ट आहे.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. पावसाळ्यात जाण्यात अर्थ नाही. कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा अशा चार नद्यांचा हा प्रदेश. २०१९ आणि २०२१ साली आमच्या शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्यात गेली होती, तेथे मोटारीची काय कथा? नोव्हेंबरचा पहिला आठवडाही टाळावा. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी बेळगावातील मराठी मंडळी काळा दिन पाळतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचे अधिवेशन भरते, तेव्हाही वातावरण तापते. २०२२च्या डिसेंबरात दोन्हीकडच्या बसगाड्या काही काळ थांबल्या होत्या. २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो न्यायालयाने पाहावा, आपण आपले दिवस सांभाळून निघावे. खाजगी मोटारीला एरवी कोणी अडवीत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. तात्पर्य, तुळशीचे लग्न आटोपले की निघायचे आणि अधिवेशन सुरू होण्यापूर्वी घरी यायचे, असे ठरले.

पण या दिवसांत एक वैरी असतोच, तो म्हणजे ऊस! ऊस परिषद होऊन दराचा घोळ मिटला, की कारखान्यांची धुराडी पेटतात आणि मग रस्त्यावर राज्य ट्रॅक्टरचे. एकामागे एक दोन ट्रॉल्या, त्यांवर डोंगराएवढा ऊस, मागे दिवा बहुधा नाही. शिरोळपासून मुधोळपर्यंत उसाचाच पट्टा आहे. म्हणून पहिला कडक नियम: सूर्य मावळायच्या आत मुक्कामावर पोहोचायचे. चिरंजीवांना पुणे-मुंबई रस्त्याचा सराव, ते म्हणाले, "एवढ्या अंतराला दोन मुक्काम?" त्यांना म्हटले, आई बरोबर आहे. तिला दिवसाला चार तासांपेक्षा अधिक बसवत नाही. शिवाय दर दीड तासाला स्वच्छ प्रसाधनगृह असलेली जागा हवी. प्रवासवर्णनांतून हा विषय कोणी काढत नाहीत, पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघालेल्याचा सारा नकाशा त्यावरच बसतो. मी दोन नवे पेट्रोल पंप आणि एक खाणावळ यांची जागा वहीत टिपून ठेवली आहे.

खऱ्या प्रवासाआधी एक रंगीत तालीम करावी म्हणून एका रविवारी आम्ही कुरुंदवाड-खिद्रापूर उरकून आलो. हे अर्ध्या दिवसाचे काम. शिरोळवरून नृसिंहवाडीस जावे, पंचगंगा कृष्णेला मिळते तेथे पायरीवर दोन मिनिटे बसावे. वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतल्यावाचून कोणी पुढे जात नाही, आपणही जाऊ नये. नदी ओलांडली की कुरुंदवाड. हेही पटवर्धनांचे संस्थान, आणि एवढेसे असून त्याच्याही थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन वाटण्या! पण या गावाने देशाला दिले ते विष्णु दिगंबर पलुसकर. १८७२ साली त्यांचा जन्म येथला. लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झाली, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला पाठवले गेले, आणि १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. कोठे कुरुंदवाड आणि कोठे लाहोर!

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकाच्या आसपासचे. त्याच्या स्वर्गमंडपाला वर गोल मोकळे आकाश ठेवलेले आहे. आमच्या आईला मान वर करणे कठीण, म्हणून सूनबाईंनी आपल्या पर्समधला आरसा तिच्या ओंजळीत धरला आणि आकाश खाली आणले. या देवळात नंदी नाही. तो नदीपलीकडे यडूरला आहे, म्हणजे आज कर्नाटकात. देव महाराष्ट्रात आणि त्याचा नंदी कर्नाटकात, असे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग त्याला विचारा, तो कुणाकडचा."

आता मुख्य वाट. जयसिंगपूर हे चौकोनी चौकोनी आखलेले गाव आहे. शाहू महाराजांनी वसवलेले आणि आपल्या वडिलांचे, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचे, नाव दिलेले. आमच्या गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. तेव्हा वाट चुकण्याचा प्रश्न गावात येत नाही, तो पुढे येतो. उदगाव ओलांडून अंकलीच्या पुलावरून कृष्णा पार केली, की मिरज हाकेवर. सकाळी सातला निघून मिरजेत न्याहारी करावी आणि सतारमेकरांची गल्ली पाहावी. पूर्वी शस्त्रे करणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी येथे तंबोरे घडवायला सुरुवात केली. मोठ्या भोपळ्यांच्या राशी दारात वाळत पडलेल्या असतात. येथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावचे होऊन राहिले. १९३७ साली ते गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे.

म्हैसाळ सोडले की कागवाड, आणि पाट्यांची अक्षरे एकदम गोल होतात. येथे घरातल्या धाकट्या मंडळींची परीक्षा. मोबाइलवरचा नकाशा वाट दाखवतो खरा, पण तो जवळची म्हणून कालव्याकाठची वाट काढून देतो, आणि काळ्या रानातून गेलेली ती वाट एका वळवाने चिखल होते. त्यापेक्षा एस. टी. स्टँडसमोर मोटार थांबवून विचारावे. चार शब्द पुरतात. 'एल्ली' म्हणजे कोठे, 'एष्टु' म्हणजे किती, 'बलक्के' उजवीकडे आणि 'एडक्के' डावीकडे. समोरच्याला अण्णा किंवा अक्का म्हणावे; ते दोन्हीकडे सारखेच चालते. तुम्ही कानडीत सुरुवात केलीत की शंभरांतले साठ जण मराठीत उत्तर देतात. तुम्ही मराठीत सुरुवात केलीत तर तो आकडा थोडा उतरतो, हेही मी पाहिले आहे.

अथणीला चपला घ्याव्यात. कोल्हापुरी चप्पल म्हणून आपण जी मिरवतो, ती अथणीच्या चर्मकारांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे. २०१९ साली तिला जे मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे आहेत. दुपारचे जेवण येथेच, एखाद्या लिंगायत खाणावळीत. कडक भाकरी, शेंगाचटणी, भरल्या वांग्याची एण्णेगायी. आईला दात नाहीत; तिच्यासाठी मऊ भाकरी सांगावी लागते, आणि कानडीतून ते सांगण्याचे काम तिचेच.

जमखंडीच्या अलीकडे थोडी वाट वाकडी करून एक गोष्ट मुद्दाम पाहायची आहे. चिक्कपडसलगीचा बंधारा. कृष्णा समोरून वाहते आणि उन्हाळ्यात शेते कोरडी, म्हणून १९८९ साली या भागातल्या शेतकऱ्यांनी सिद्दू न्यामगौडांच्या पुढाकाराने आपल्या पैशाने आणि श्रमाने नदीवर बंधारा घातला. त्याला श्रमबिंदू सागर असे नाव आहे. राजवाड्यांच्या यात्रेत हा बंधारा कशाला, असे चिरंजीवांनी विचारले. मला विचाराल तर या साऱ्या वाटेवर मला सर्वांत आवडलेली वास्तू तीच आहे.

जमखंडीत पहिला मुक्काम. पुण्याच्या वाचकांनी या गावाकडे जरा आपुलकीने पाहावे, कारण तुमचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय जमखंडीकर पटवर्धनांच्या देणगीवरच त्या नावाला पोहोचले. गुरुदेव रानडे या गावचे, जन्म १८८६चा. आणि जवळच्या सावळगीचे बी. डी. जत्ती या चिमुकल्या संस्थानाचे कारभारी होते. तेच पुढे १९७४ साली भारताचे उपराष्ट्रपती झाले आणि १९७७ साली काही महिने त्यांनी राष्ट्रपतिपदाचे काम पाहिले. ५२४ चौरस मैलांच्या कारभारावर हात बसलेल्या माणसाला दिल्ली जड गेली नसावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुधोळ, तासाभराच्या आत. शहाजीराजांना १६४८ साली पकडून देणारे बाजी घोरपडे याच घराण्यातले, त्यामुळे मराठी माणूस येथे जरा घुटमळत शिरतो. आज गाव प्रसिद्ध आहे ते कुत्र्यांसाठी. मुधोळ हाउंड! उंच, सडपातळ, पोट आत गेलेले, वाऱ्यासारखे पळणारे जनावर. २००५ साली त्याचे टपाल तिकीट निघाले, पुढे लष्करानेही त्याला घेतले. जवळच्या तिम्मापूरला त्याचे संशोधन केंद्र आहे. नातवंडे बरोबर असतील तर येथून त्यांना हलवणे अवघड होईल, तेवढा वेळ राखून ठेवावा. कन्नड साहित्याचे 'रत्नत्रय' म्हणून ज्यांना मान आहे त्यांपैकी रन्न हाही दहाव्या शतकातला, या मुधोळचाच. आणि गूळ घ्यायचा असेल तर महालिंगपूरचा घ्यावा. कोल्हापूरकराने हे लिहावे म्हणजे त्यात काही तथ्य असणार.

लोकापूर मागे पडले की जमीन उघडी होते, ऊस विरळ होत जातो, वारा कोरडा लागतो. मग रामदुर्ग. मलप्रभेच्या काठचे, मागांचे गाव. बाहेरच्या माणसाला येथे दोन तास पुरतात. मात्र जवळचे सुरेबान चुकवू नये. १८५८च्या मे महिन्यात नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला तेव्हा मॅन्सन या पोलिटिकल एजंटाला त्यांच्या माणसांनी येथेच गाठले आणि मारले. जून महिन्यात बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली. नरगुंद खालसा झाले. रामदुर्गचे भावे त्यांचेच भाऊबंद. ते इंग्रजांच्या बाजूला राहिले म्हणून रामदुर्ग टिकले. आईच्या माहेरी या विषयावर अजून दोन पक्ष आहेत, आणि जेवणाच्या पंगतीत तो न काढावा हे उत्तम.

आम्ही रामदुर्गास दोन रात्री राहणार. मामेभावाची मुले मराठी समजतात, उत्तर कानडीत देतात. आमची सूनबाई नागपूरची. तिला कानडीचा गंध नाही. तेव्हा मध्ये दुभाषी आईच. तिने आतापासून यादी केली आहे. स्वयंपाकघरातले दगडी उखळ, माजघरातला झोपाळ्याच्या कड्यांचा खांब, परसातली विहीर. उखळ मोटारीत बसेल का, असे तिने दोनदा विचारले. चिरंजीवांनी मापे मागवली आहेत. मागच्या जागा दुमडल्या तर बसेल. मग मी आणि आमची मंडळी बसने परत येऊ, असे ठरले.

परतीची वाट यरगट्टीवरून बेळगावची. तेथे शहापूर पेठेत साड्या आणि शहरात कुंदा. शहापुरात उभे असताना मुलांना सांगावे, की येथे १९४८ पर्यंत सांगलीच्या राजाचा अंमल होता. चारच्या आत बेळगाव सोडावे. मोठ्या रस्त्याने संकेश्वर, निपाणी; यमगर्णीला वेदगंगा, पुढे कागलच्या अलीकडे दूधगंगा, तो पूल ओलांडला की पाट्यांची अक्षरे पुन्हा आपली. कागलहून हुपरीवरून आत वळावे. हुपरी ते इचलकरंजी या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या सर्वांत दाट असतात, आणि तेथेच सूर्य मावळतो. निपाणीत चहा लांबवू नये.